धबधबा चालू केला की पूलचा पंप खडखडतो: बेअरिंग गेलं की सक्शन कमी पडतंय?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रातला पूल माझ्या देखरेखीखाली आहे. पंपाच्या आवाजाचं नेमकं कारण हवं आहे. दोन जाणकार दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत आणि दोन्हींत खर्च मोठा आहे.

पूल १० बाय ५ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे साधारण ६० हजार लिटर पाणी. पंप एकच: २ एचपी, सिंगल फेज, पुढे बास्केट आणि पारदर्शक झाकण असलेला नेहमीचा पूलपंप. दिवसा तो सँड फिल्टर चालवतो. संध्याकाळी व्हॉल्व्ह फिरवून त्याचंच पाणी भिंतीवरच्या ४ फूट रुंद धबधब्याला आणि काठावरच्या ४ कारंज्यांना देतो.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा साधारण ८० सेंमी वर बसवलेला आहे. स्किमरची (वरचं पाणी आणि कचरा ओढणाऱ्या भिंतीतल्या तोंडाची) लाइन आणि तळाच्या दोन ड्रेनची लाइन पूलजवळच्या चेंबरमध्ये एकत्र येतात, दोन्हींवर बॉल व्हॉल्व्ह आहेत. तिथून पंपापर्यंत ६३ मिमीचा एकच पीव्हीसी पाइप, लांबी ११ मीटर, त्यात ५ एल्बो.

फिल्टरवर चालताना डिलिव्हरीचं, म्हणजे पंपातून बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या दाबाचं, गेज १.१ किलो (दर चौरस सेंमीला) दाखवतं आणि पंप शांत असतो, थोडी बारीक किरकिर सोडली तर. धबधब्यावर घेतला की गेज ०.३ वर येतं आणि पंपाच्या तोंडातून आत बारीक खडी फिरत असल्यासारखा आवाज सुरू होतो. झाकणाखाली बुडबुडेही दिसतात. धबधब्याचा पडदा मधूनमधून फाटतो.

मोटर मेकॅनिक म्हणतात बेअरिंग संपलं. पूलचं सामान विकणारे म्हणतात पंप लहान पडतोय, ३ एचपी घ्या. काय तपासू आणि कोणत्या क्रमाने?

---

पाणीमिस्त्री_लातूर

ताई, मोटर खोलायच्या आधी एक चाचणी करा, तिला पैसा लागत नाही. धबधबा चालू ठेवा, खडखड चालू असू द्या आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत आणा. गेज ०.६–०.७ किलोवर येईपर्यंत आवळा. आवाज विरला तर तो पाण्याचा. गेज वर गेलं आणि आवाज आहे तसाच राहिला तर तो मोटरचा. हात लावायचा तो डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हलाच. सक्शनचा, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह आवळला तर खडखड वाढेल आणि पंपाचं नुकसान होईल. डिलिव्हरीही पूर्ण बंद करून ठेवू नका, आतलं पाणी तापतं आणि शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील जातं.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल पाण्याकडे आहे. कारण सांगतो. सेंट्रिफ्युगल पंप ठरावीक पाणी फेकत नाही; समोर जेवढा विरोध, तेवढं पाणी कमी. फिल्टरवर वाळू, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, परतीची नोझल हे सगळं मिळून १.१ किलो, म्हणजे ११ मीटरचा विरोध आहे. धबधबा उघड्यावर पडतो, तिथे विरोध जेमतेम ३ मीटर. विरोध गेला की पंप मोकळा सुटतो आणि तासाला १२ घनमीटर देणारा पंप २० च्या घरात पोचतो. तेवढं पाणी सक्शनमधून यायला पाहिजे. नाही आलं की इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या) तोंडाशी दाब इतका खाली जातो की पाणी गार असतानाच तिथे उकळतं. वाफेचे ते बुडबुडे पात्यांवर पुढे सरकले, दाब परत वाढला की फुटतात. तुम्हाला खडी वाटते ती हीच. याला कॅव्हिटेशन म्हणतात. असंच चालू ठेवलं तर इम्पेलरची पाती कुरतडली जातात, कंपाने सील ढिलं होतं, सीलचं पाणी बेअरिंगमध्ये जातं. म्हणून मेकॅनिकने बेअरिंग खराब म्हटलं असेल तर तेही खरं असू शकतं. पण नुसतं बेअरिंग बदललं तर नवीनही त्याच वाटेने जाईल.

आता तीन आकडे द्या:

१) बास्केटच्या भांड्याला खाली ड्रेन प्लग असतो. तो काढून त्या जागी व्हॅक्यूम गेज (ओढीचा दाब मोजणारं) बसवा, पाऱ्याच्या इंचांत वाचणारं. वेल्डिंगच्या आणि हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतं. प्लगचा आटा मोजून तसाच घ्या. फिल्टरवर किती आणि धबधब्यावर किती, दोन्ही आकडे लिहा.

२) संध्याकाळी पंप चालू असताना मोटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. मेन बोर्डावरचं नको. जिवंत टर्मिनल आहे, तेव्हा हे इलेक्ट्रिशियनकडूनच मोजून घ्या.

३) क्लॅम्प मीटरने करंट, आणि नेमप्लेटवरचा करंट.

---

रानवारा

एवढं कशाला? ३ एचपी बसवा सरळ. मोठ्या पंपावर लोड कमी येतो, आवाज आपोआप जातो.

---

देवगिरी

रानवारा भाऊ, हा सल्ला इथे उलटा पडेल. खडखड सक्शन पुरत नाही म्हणून आहे. ३ एचपीचा पंप त्याच ६३ च्या पाइपमधून आणखी जास्त पाणी ओढू पाहील. आवाज वाढेल, वीज जास्त जाईल आणि धबधबा आहे तेवढाच राहील. सक्शनचा पाइप न बदलता एचपी वाढवणं हा पूलच्या कामात सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे, आणि दुर्दैवाने सगळ्यात आधी तोच सुचवला जातो.

ताई, तुम्हाला मुळात किती पाणी लागतं ते बघू. धबधब्याचा पडदा न फाटता पडायला रुंदीच्या दर फुटाला मिनिटाला ५५–६० लिटर धरतात. ४ फुटांना २२० ते २४० लिटर. कारंजं नोझलप्रमाणे १५ ते ३० लिटर घेतं, चार धरली तर ६० ते १२०. एकूण मिनिटाला ३०० ते ३५० लिटर, म्हणजे तासाला १८ ते २० घनमीटर. एवढ्याला २ एचपी पुष्कळ आहे.

आता पाइप. सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवावा. ६३ मिमीचा आतला व्यास ५८ च्या आसपास भरतो. तासाला २० घनमीटरला त्यात वेग होतो २.१ मीटर. ७५ च्या पाइपला १.४, ९० च्या पाइपला १. घर्षणाचं बघितलं तर फरक आणखी मोठा: २० घनमीटरला ६३ च्या पाइपात दर १०० मीटरला ७ मीटर दाब खर्च होतो, ७५ मध्ये पावणेतीन-तीन, ९० मध्ये सव्वा मीटरच्याही आत. आपल्याकडे शेतीसाठी ७५ आणि ९० चा पाइप कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, तरी पूलला ६३ च का घालतात हे मला कळत नाही. फक्त सक्शनला ४ किलो दाबाचा पातळ पाइप वापरू नका, उन्हात मऊ पडून आत ओढला जातो. किमान ६ किलोचा घ्या आणि मातीखाली गाडा.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. सक्शन वाढवायला म्हणून स्किमर बंद करून सगळी ओढ तळाच्या ड्रेनवर टाकू नका. पूलमध्ये मुलं असतात. तुमचे ड्रेन दोन आहेत हे चांगलं, पण दोघांमध्ये किमान ३ फूट अंतर आहे का, दोन्हींच्या जाळ्या घुमटाकार आणि स्क्रूने पक्क्या बसलेल्या आहेत का, हे आजच बघा. एक जाळी जरी निघालेली किंवा फुटलेली असेल तर तोवर पूल बंद ठेवा. केस किंवा अंग ओढलं जाऊन माणूस तळाशी अडकतो. जाळीतून पाण्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर जाता कामा नये.

---

तेरणाकाठ

देवगिरी दादा, ड्रेनच्या दोन्ही जाळ्या पक्क्या आहेत, मधलं अंतर ४ फूट.

चाचणी केली. डिलिव्हरी आवळून गेज ०.६५ वर आणलं तेव्हा खडखड बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. धबधब्यात डोळ्याला फारसा फरक दिसला नाही.

व्हॅक्यूम: फिल्टरवर साडेसहा इंच, धबधब्यावर पूर्ण उघडा असताना १३, आवळल्यावर साडेदहा. संध्याकाळी मोटरवर १९२ व्होल्ट. करंट ११.२ अँपिअर, नेमप्लेट ९.६ म्हणते. आवळल्यावर करंट १०.१ झाला.

बुडबुडे दोन्ही वेळेला आहेत, धबधब्यावर जास्त.

---

पाणीमिस्त्री_लातूर

आकडे नेमके दिलेत, त्यामुळे बोलता येतं.

१ इंच व्हॅक्यूम म्हणजे पाण्याचा साधारण ३४ सेंमी. तुमचा हिशोब मांडू. उचल ८० सेंमी. ११ मीटर पाइप, ५ एल्बो आणि व्हॉल्व्ह मिळून २३ मीटर पाइपाइतकं घर्षण धरा, २० घनमीटरला ते १.६ मीटर होतं. पाण्याला वेग द्यायला २० सेंमी. बास्केट, स्किमरचं तोंड वगैरे धरून एकूण तीन मीटरच्या आत यायला हवं. म्हणजे ८ ते ९ इंच. तुमचं गेज १३ दाखवतंय. वरचे चारेक इंच कुठेतरी अडकलेत. सक्शनमध्ये अडथळा आहे, पाइप बारीक असणं हे त्याच्यावरचं दुसरं दुखणं.

अडथळा शोधायचा क्रम पूलकडून पंपाकडे. आधी स्किमरची बास्केट. कडुनिंबाची काडीसारखी पानं बास्केटच्या भोकांत आडवी बसतात, वरून बास्केट रिकामी दिसते. हातात घेऊन उजेडाकडे धरा. मग स्किमरचा झडपेसारखा दरवाजा मोकळा हलतो का. मग चेंबरमधले दोन्ही बॉल व्हॉल्व्ह. दांडा पाइपाला समांतर म्हणजे उघडा, पण जुन्या व्हॉल्व्हमध्ये दांडा फिरतो आणि आतला गोळा फिरत नाही. दांड्याखालचा चौकोन झिजलेला असतो. मग पंपाची बास्केट. शेवटी इम्पेलर: एमसीबी बंद, बास्केट बाहेर, आत बोट घालून इम्पेलरच्या डोळ्यात (मधल्या भोकात) केस, दोरा, गुलमोहराच्या शेंगेचा तुकडा अडकलाय का ते चाचपा. वाकवलेली तार घेऊन काढा. एमसीबीवर दुसरं कुणी हात ठेवणार नाही याची खात्री करूनच बोट घाला.

बुडबुड्यांचं कारण वेगळं आहे. कॅव्हिटेशनची वाफ इम्पेलरच्या पुढे झाकणाखाली दिसत नाही. झाकणाखाली दिसते ती हवा, आणि ती सक्शनच्या बाजूने येते. सक्शनला पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते; म्हणून चालू पंपावर सगळं कोरडं दिसतं आणि गळती सापडत नाही. पंप बंद केल्यावर लगेच सांधे बघा, तेव्हा थेंब दिसतो. चालू पंपावर शोधायचं तर दाढीचा फेस प्रत्येक सांध्यावर लावा: झाकणाची कड, ड्रेन प्लग, पंपाच्या तोंडाचा युनियन, व्हॉल्व्हच्या दांड्याची जागा. जिथे फेस आत ओढला जाऊन खड्डा पडेल तिथे गळती.

सगळ्यात जास्त वेळा झाकणाची ओ-रिंग निघते. ती काढून खाच कापडाने पुसा. वाळूचा एक कणही पुरतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस, व्हॅसलीन किंवा तेल नको. ओ-रिंग ईपीडीएम रबराची असेल तर खनिज तेलाने ती फुगते आणि परत खाचेत बसत नाही. रिंग चपटी झालेली असेल तर बदला.

पाण्याची पातळीही बघा. स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर हवी. मे महिन्यात आपल्याकडे रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उडून जातं. वाऱ्यात धबधब्याचे तुषार बाहेर पडतात ते वेगळे. सकाळी बरोबर असलेली पातळी दोन-चार दिवसांत खाली जाते आणि संध्याकाळी धबधब्याच्या लाटांमध्ये स्किमर मधूनमधून हवा गिळतो. तुमचा पडदा फाटतो त्याचं एक कारण हेही असेल.

उंचीचाही थोडा भाग आहे. धाराशिव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाण्याच्या १०.३ मीटरइतका, आपल्याकडे ९.६. त्यात उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांवर गेलं की वाफेपोटी आणखी अर्धा मीटरहून जास्त जातो. हातात राहतात ९ मीटर. त्यातले १३ इंच, म्हणजे साडेचार मीटर, तुमची सक्शन खाते. कॅटलॉगमधला कर्व्ह बघताना हे डोक्यात ठेवा, एनपीएसएचच्या (पंपाच्या तोंडाशी किमान लागणाऱ्या दाबाच्या) रेषेच्या उजव्या टोकाला पंपाला पाच-सहा मीटर लागू शकतात.

---

वाइंडिंग_नांदेड

पाण्याच्या बाजूचं मिस्त्रींनी सांगितलंच. मी विजेची बाजू आणि ती बारीक किरकिर घेतो. ती फिल्टरवरही आहे, म्हणजे ती पाण्याची नाही.

१९२ व्होल्ट कमी आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. २३० च्या जागी १९२ मिळाले तर जोर ७० टक्के उरतो. तेवढंच काम करायला मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि तापली की बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं. आधी बघा की व्होल्टेज डीपीवरूनच कमी येतंय की तुमच्या वायरीत पडतंय. मेन बोर्डावर मोजा आणि मोटरवर मोजा, दोन्ही वेळा पंप चालू असताना. १०० मीटर लांब २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला साधारण १५ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिमीत ९. फरक यापेक्षा जास्त निघाला तर कुठेतरी सांधा जळालेला आहे. बोर्डावरच कमी असेल तर धबधब्याची वेळ बदला किंवा त्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा. २ एचपीला निदान ४ केव्हीएचा, सुरू होतानाचा करंट चालवणारा.

कंडेन्सरही तपासा. त्यावर लिहिलेल्या एमएफडीपेक्षा (मायक्रोफॅरडपेक्षा) १० टक्क्यांहून कमी भरला तर बदला. कमी पडलेल्या कंडेन्सरने मोटर गुरगुरते आणि सुरू व्हायला वेळ घेते. हात लावण्याआधी एमसीबी बंद करून कंडेन्सर रेझिस्टन्सने डिस्चार्ज करा, स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडू नका. पूलच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना? नसेल तर बाकी सगळं थांबवून तो आधी बसवा.

आता किरकिर. पंप फिल्टरवर चालू ठेवा आणि स्विच बंद करा, कान तिकडेच. स्विच पडल्याक्षणी आवाज गेला तर तो विजेचा: कंडेन्सर, वाइंडिंग किंवा ढिले पत्रे. मोटर मंदावत जाते तसा आवाजही मंदावत शेवटपर्यंत राहिला तर तो बेअरिंगचा किंवा कुठेतरी घासण्याचा. नंतर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागेवर आणि मूठ कानाजवळ, आधी पंपाकडचं बेअरिंग, मग पंख्याकडचं. कोणतं बोलतंय ते लगेच कळतं.

पंप आणि मोटर यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खाली पांढरट खार साचलाय का बघा. आपल्या बोअरच्या जड पाण्यात सील झिरपायला लागलं की पहिली खूण तीच. पाणी सुकतं, क्षार राहतात. खार दिसला तर पंपाकडचं बेअरिंग गेलंच समजा आणि सील व बेअरिंग एकाच वेळी बदला.

---

तेरणाकाठ

तपासणी झाली.

चेंबरमधला ड्रेनचा व्हॉल्व्ह जेमतेम निम्माच उघडत होता. दांडा समांतर दिसतो, आतला गोळा मागे राहतो. व्हॉल्व्ह बदलला. स्किमरच्या बास्केटच्या खालच्या भोकांत निंबाच्या काड्या होत्या. झाकणाची ओ-रिंग चपटी होती, नवीन सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. पाणी भरून पातळी स्किमरच्या मध्यावर आणली.

आता धबधब्यावर पूर्ण उघडा असताना व्हॅक्यूम साडेआठ, डिलिव्हरी ०.६ वर आवळली की ७. खडखड पूर्ण उघडा असताना किंचित, आवळल्यावर अजिबात नाही. बुडबुडे गेले. पडदा सलग पडतो. ०.६ ला व्हॉल्व्हच्या दांड्याची जागा रंगाने खूण करून ठेवली आहे.

बोर्डावर २०६ आणि मोटरवर १९३ व्होल्ट. वायर २.५ ची, लांबी अंदाजे ७० मीटर.

किरकिर मात्र आहे. स्विच बंद केल्यावर मोटर थांबेपर्यंत ती राहते. पंपाकडच्या बाजूला जास्त. खाली पांढरा खार आहे.

मेकॅनिकला काय काय आणायला सांगू, आणि काम होताना माझं लक्ष कशावर असायला हवं?

---

वाइंडिंग_नांदेड

म्हणजे सील आणि बेअरिंग दोन्ही. वायरीचं आधी सांगतो: ७० मीटरला १० अँपिअरवर १०-११ व्होल्ट पडायला हवेत, तुमच्याकडे १३ पडतात. मोटर जास्त करंट ओढते हे धरलं तर हिशोब जुळतो, सांधा जळालेला दिसत नाही. वायर ४ ची केली तर चार-पाच व्होल्ट मिळतील. बाकीची तूट डीपीकडची आहे, तिथे लोड वाटून द्यायला वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्या.

सामान: दोन्ही बाजूंची बेअरिंगं, एक नाही. नंबर जुन्या बेअरिंगवरच कोरलेला असतो. या मापाच्या मोटरींत ६२०३, ६२०४ किंवा ६२०५ निघतं, दोन्ही टोकांना वेगवेगळंही असू शकतं. दोन्हीकडून रबरी झाकण असलेलं घ्या, नंबरपुढे २आरएस लिहिलेलं. पत्र्याच्या झाकणाचं, झेडझेड लिहिलेलं, ओलाव्याला टिकत नाही. मेकॅनिकल सीलचा पूर्ण सेट, जुनं सील दुकानात दाखवून. शाफ्टचा व्यास आणि स्थिर भागाचा बाहेरचा व्यास दोन्ही जुळायला हवेत. रबर क्लोरीनला टिकणारं, ईपीडीएम किंवा व्हिटॉन मागा. पंपाच्या बॉडीची मोठी ओ-रिंग किंवा गॅस्केट. सिलिकॉन ग्रीस. लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरच्या एमआयडीसी भागातल्या बेअरिंगच्या दुकानात हे मिळून जातं, मूळ कंपनीच्या पाकिटातलंच बेअरिंग हवं असा आग्रह नको. बनावट मालाची मात्र भीती आहे, अधिकृत विक्रेत्याकडून बिलावर घ्या.

काम: पाइप तोडायची गरज नसते. बॉडीचे बोल्ट काढले की मोटर इम्पेलरसकट मागे सरकून बाहेर येते. इम्पेलर काढताना शाफ्ट मागच्या टोकाला धरायचा. इम्पेलरच्या मध्ये स्क्रू असेल तर बऱ्याच पंपांत तो उलट्या आट्याचा असतो, नेहमीच्या दिशेने जोर लावला तर डोकं तुटतं. आधी आट्याची दिशा बघा.

तुमचं लक्ष असावं ते इथे. जुनं बेअरिंग पुलरने निघालं पाहिजे, छिन्नी-हातोड्याने नाही. नवीन बसवताना शाफ्टवर ठोकायचं तर फक्त आतल्या कड्यावर, त्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून. बाहेरच्या कड्यावर ठोकलं की गोळ्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. पंख्याकडच्या बेअरिंगच्या घरात लहरदार पातळ वॉशर असतो. खोलताना तो पडतो, कचऱ्यात जातो, आणि मग मोटर शाफ्टच्या दिशेने पुढेमागे हलून आवाज करते. तो वॉशर परत गेला का हे डोळ्याने बघा. शाफ्टवर सीलच्या मागे रबरी चकती असेल तर तीही परत हवी. सीलचं झिरपलेलं पाणी बेअरिंगपर्यंत जाऊ न देण्याचं काम ती करते.

सीलच्या चकाकत्या तोंडांना बोट लावू द्यायचं नाही, ग्रीसही नाही. स्वच्छ कापडाने पुसायचं, रबराला साबणाचं पाणी लावून अंगठ्याने सरळ दाबायचं. पांढऱ्या सिरॅमिकची घासलेली बाजू काळ्या कार्बनकडे. मोटर जोडण्याआधी इम्पेलर हाताने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना.

बास्केटचं भांडं पाण्याने गच्च भरल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. कोरड्या चालण्यात नवीन सील मिनिटभरात जळतं.

---

देवगिरी

मोटर निघणारच आहे तर पाया बघून घ्या. चार बोल्ट आवळलेले, खाली १० मिमीचं रबर, आणि पंपाच्या तोंडाजवळचा सक्शन पाइप स्वतःच्या आधारावर हवा, पंपावर लटकलेला नको. पंपाच्या तोंडालाच एल्बो असेल तर तो मागे सरकवा. तोंडापुढे पाइपच्या व्यासाच्या पाचपट, म्हणजे तुमच्याकडे ३० सेंमी, सरळ पाइप ठेवा. एल्बोतून पाणी वळत आलं की इम्पेलरच्या एका बाजूला जास्त जातं आणि तोही आवाज करतो. पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंटने घट्ट असेल तर भोवती रबर घाला, नाहीतर भिंत वाजते आणि दोष पंपाला लागतो.

कारंज्यांच्या नोझलांत जड पाण्याचा क्षार बसला असेल. काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. प्रत्येक कारंज्याला छोटा व्हॉल्व्ह असेल तर चारही एका उंचीवर आणा. मग धबधब्याला किती पाणी उरतं ते खरं कळेल आणि ०.६ ची खूण थोडी सरकवावी लागेल. सरकवताना नजर व्हॅक्यूम गेजवर ठेवा, ९ इंचांच्या वर जाऊ देऊ नका. ते गेज आता काढू नका, कायम राहू द्या. गेज ७ वरून ९ कडे सरकलं की बास्केट साफ करायची वेळ झाली.

पुढे कधी पूलभोवतीची फरशी काढायचा प्रसंग आला तर धबधब्याला वेगळी ९० मिमीची सक्शन आणि वेगळा पंप द्या. ५-६ मीटर हेडला (विरोधाला) १५ घनमीटर देणारा १ एचपी त्याला पुरतो. फिल्टरचा पंप मग वेगळ्या वेळेला चालवता येतो आणि धबधबा फक्त पाहुणे असताना. डिलिव्हरीला एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) स्प्रिंगचा घाला. झुलत्या पाळीचा कमी पाण्यावर टकटक करतो.

---

रानवारा

मोठ्या पंपाचा माझा मुद्दा या आकड्यांपुढे टिकत नाही. एक विचारतो: वेगळा पंप शक्य नसेल आणि मोटर बदलायचीच वेळ आली, तर वेग कमी-जास्त होणारा पंप चालेल का?

---

देवगिरी

चालेल, आणि इथे तो चांगला बसतो. वेग २० टक्के कमी केला की पाणी २० टक्के कमी होतं आणि वीज जवळपास निम्मी लागते. डिलिव्हरी आवळून आपण जो दाब वाया घालवतो तो वाचतो. फक्त त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला १९० व्होल्ट चालतात का हे कॅटलॉगमध्ये बघून घ्या, अर्थिंग पक्कं करा आणि सर्ज प्रोटेक्टर लावा. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा साधी मोटर वाचते, ड्राइव्ह (वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक्स) जळतो.